क्रॅक गेलेल्या काँक्रीटची परमिएबिलिटी मॉडेलमध्ये कशी घ्यायची? मेश बारीक केली की गळती कमी होतेय

एमटेक_कळंबा

नमस्कार मंडळी, एमटेक स्ट्रक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कोल्हापुरातच. प्रोजेक्ट असा की क्रॅक गेल्यावर काँक्रीटमधून पाणी किती जातं (त्याची परमिएबिलिटी) हे मॉडेल करायचं आणि खऱ्या टाकीशी ताडून बघायचं. टाकी मिळाली ती कळंब्याच्या बाजूच्या एका सोसायटीची, जमिनीतली, वर स्लॅब असलेली. आतून ८ बाय ५ मीटर, पाणी ३ मीटर, भिंत २०० मिमी, काँक्रीट एम ३० ग्रेडचं. एप्रिलमध्ये भिंती ओतल्या, शटरिंग काढल्यावर आठवड्याभरात एका लांब भिंतीला तीन उभे क्रॅक दिसले, किकरच्या (भिंतीच्या तळाशी आधी ओततात ती बुटकी पट्टी) जरा वरून सुरू होतात आणि साधारण २ मीटर उंचीपर्यंत जातात. बाहेरून भराव अजून घातलेला नाही म्हणून सगळं उघडं दिसतंय. क्रॅक कार्ड लावून मोजले तर ०.२, ०.१५ आणि ०.१ मिमी.

टाकी भरून ७ दिवस तशीच ठेवली, मग पुढचे ७ दिवस रोज सकाळी लेव्हल घेतली. रोजची घट १४, १२, १०, ९, ७.५, ६.५, ६ मिमी, एकूण ६५. आयएस ३३७० मध्ये (पाण्याच्या टाक्यांचा आपला कोड) झाकलेल्या जमिनीतल्या टाकीला ७ दिवसांत ४० मिमी धरतात, त्यामुळे टेस्ट फेल. ४० चौ.मी. वर ६५ मिमी म्हणजे २,६०० लिटर, दिवसाला सरासरी ३७० लिटर.

आता माझी अडचण. हाताने गणित केलं, क्रॅक म्हणजे दोन गुळगुळीत समांतर पाट्या धरून, रुंदीच्या घनाचा जो नियम आहे तो लावला. २ मीटर क्रॅकवर सरासरी पाण्याची उंची २ मीटर, भिंत २०० मिमी, म्हणजे ग्रेडियंट १०. एकट्या ०.२ च्या क्रॅकमधून दिवसाला ११,३०० लिटर येतात!! तिन्ही मिळून साधारण १७,५००. प्रत्यक्षात ३७०. मग वाटलं हाताचं गणित सोडावं आणि सॉफ्टवेअरमध्ये डॅमेज मॉडेल लावावं, डॅमेज (काँक्रीट किती फुटलं ते, ० ते १ मध्ये) वाढला की परमिएबिलिटी एक्स्पोनेन्शियल वाढते तो फॉर्म्युला टाकला, तर त्यात वेगळीच भानगड, १०० मिमीची मेश (मॉडेल ज्या छोट्या तुकड्यांत, म्हणजे एलिमेंटमध्ये, कापतो ती जाळी) घेतली तर एक गळती आणि २५ मिमीची घेतली तर त्याच्या जवळपास चौथाई, बाकी काहीही बदललेलं नाही. गाइड म्हणतात क्रॅक गेलेल्या काँक्रीटचा एक के (परमिएबिलिटीचा आकडा) काढ आणि टाक, पण तो एक के कुठला, हेच कळेना. कोणी हे काम केलंय का, प्लीज सांगा, दोन आठवडे इथंच अडकलोय.

बीम_कॉलम

तुझं हाताचं गणित बरोबर आहे, आधी तेवढं मनातून काढून टाक. आकडा मोठा येतो तो गृहीतकामुळे, त्याच्यावर नंतर येतो.

पहिल्यांदा हे बघ की धड काँक्रीट किती पाणी सोडतं. बऱ्यापैकी काँक्रीटचा डार्सीचा के सेकंदाला दहाचा उणे ११ वा घात मीटर धर, चांगल्याचा त्याहून दहापट कमी. तुझ्या चारी भिंतींचा ७८ चौ.मी. भाग, सरासरी ग्रेडियंट ७.५, गुणाकार कर, दिवसाला अर्धा लिटर येतो. अख्ख्या टाकीचा अर्धा लिटर. तो बाहेरच्या बाजूला येईपर्यंत हवेत उडून जातो, डाग पण दिसत नाही. म्हणजे तुझ्या ३७० लिटरमध्ये काँक्रीटच्या अंगातून झिरपणारं पाणी जवळजवळ शून्य, जे आहे ते सगळं फटींचं आहे. म्हणून "क्रॅक गेलेल्या काँक्रीटचा के" हा शब्दच मला पटत नाही. काँक्रीटचा के वेगळा, क्रॅकची रुंदी वेगळी, दोन्ही एकात कालवले की हातात काय राहतं ते मटेरियलचं मोजमाप नसतंच, तू कितीचा तुकडा घेतलास त्यावर ते बदलतं.

तुझ्या मेशचं दुखणं पण हेच आहे. आधी एक विचारतो, तुझ्या मॉडेलमध्ये क्रॅक किती एलिमेंटच्या पट्ट्यात जमा होतोय? एकाच रांगेत ना? बघ, ताणात काँक्रीट फुटलं की सगळा स्ट्रेन (लांबीच्या प्रमाणात झालेली वाढ) एका रांगेत गोळा होतो. १०० मिमीचा एलिमेंट असो नाहीतर २५ चा, डॅमेज दोघांचा १ च्या जवळ पोचतो. तू के डॅमेजवरून काढतोस म्हणून के दोघांचा सारखा. पण पाणी जायला जागा एकाला १०० मिमीची आणि दुसऱ्याला २५ ची, मग गळती चौथाई होणारच! सॉफ्टवेअर चुकत नाहीये, तू त्याला क्रॅकची रुंदी सांगितलेलीच नाहीस.

उपाय तसा जुना आहे. १९८३ मध्ये बाझांत आणि ओ यांनी क्रॅक बँडची कल्पना मांडली, तिच्यात फुटायची ऊर्जा मेशच्या आकाराला जुळवून घेतात म्हणजे मेश बदलली तरी क्रॅक तेवढाच उघडतो. तुझ्या मॉडेलमध्ये ते चालू आहे का आधी तपास. असेल तर फुटीचा स्ट्रेन गुणिले एलिमेंटची रुंदी म्हणजे क्रॅकची रुंदी. मग त्या एलिमेंटला परमिएबिलिटी द्यायची ती अशी, क्रॅकच्या रुंदीचा घन भागिले (१२ गुणिले एलिमेंटची रुंदी). एलिमेंट बारीक झाला की के आपोआप वाढतो आणि गळती तीच राहते. ०.२ मिमी क्रॅक आणि १०० मिमी एलिमेंट घेऊन बघ, ६.७ गुणिले दहाचा उणे १२ वा घात चौ.मी. येतं, धड काँक्रीटचं त्याच मापात दहाचा उणे १८ वा घात असतं, म्हणजे साधारण ६७ लाख पट. आणि हे फक्त क्रॅकच्या पातळीतल्या दिशांना द्यायचं, आडव्या दिशेला काँक्रीटचाच के ठेवायचा, सगळीकडे सारखा देऊ नकोस.

त्या एक्स्पोनेन्शियल फॉर्म्युल्याबद्दल. तू बहुतेक पिकांदे आणि सहकाऱ्यांचा २००१ चा घेतलायस, ११.३ आणि १.६४ आकडे असलेला. तो वाईट नाही पण तो दाबाखाली पसरलेल्या बारीक बारीक तड्यांचा आहे, गॅस सोडून मोजलेला, आणि कमी डॅमेजपुरता. डॅमेज ०.१५ ला तो साधारण ११ पट देतो, ते पटण्यासारखं आहे. आता त्याच फॉर्म्युल्यात डॅमेज १ टाकून बघ, एकावर २३ शून्यं येतात. असं काही जगात नसतं, उघडी फट सुद्धा एवढं पाणी सोडणार नाही. म्हणून बारीक डॅमेज असेपर्यंत तो आणि क्रॅक एका जागी गोळा झाला की रुंदीचा घन, असे दोन टप्पे ठेव.

सेंट्रिंग_उचगाव

भावा मी साइटवरचा माणूस हाय, गणिताचं वरती सरांनी लिहिलंयच, मी भिंतीचं सांगतो. ३७० लिटर सगळं क्रॅकमधनंच गेलं हे तुला कुणी सांगितलं? भिंतीला शटरिंग आवळायला टाय रॉड टाकले असतील, त्यांची भोकं कशानं भरली बघ. किकर आणि भिंतीचा जॉइंट बघ, तिथं पाणी अडवायची पीव्हीसी पट्टी, वॉटर स्टॉप, होता का, का नुसतं खरवडून वरनं ओतलं. पाइप भिंतीतनं बाहेर येतो तिथं बघ. हनीकोंब (काँक्रीटमधी पोकळ्या) झालं असंल तर गवंड्यानं वरनं गिलावा मारून झाकलेलं असतं ते पण ठोकून बघ, पोकळ आवाज येतो. मी २२ वर्षं टाक्या करतोय, क्रॅक दिसतो म्हणून सगळं त्याच्या नावावर जातं आणि निम्मं पाणी दुसरीकडनंच जात असतं.

मोजायचं लई सोपं हाय. सकाळी लवकर जा, भिंत कोरड्या फडक्यानं पूस, १० मिनिटांनी जिथं जिथं ओल येती तिथं खडूनं गोल मार. मग क्रॅकच्या खालच्या टोकाला पत्र्याची नाहीतर पीव्हीसी पट्टीची छोटी पन्हळ एम-सीलनं चिकटव आणि बाटली लाव. प्रत्येक क्रॅकला वेगळी बाटली. मिनिटाला किती मिली ते मोज. नुसत्या लेव्हलवर तुला कधीच कळणार न्हाई कुठनं किती गेलं.

आणि आणखी एक, क्रॅक का आला ते पण लिही प्रोजेक्टमध्ये. राफ्ट, म्हणजे तळाचा स्लॅब, ओतून किती दिवसांनी भिंत ओतली? आमच्याकडं महिना महिना जातो मधी, सळी बांधायला माणूस मिळत न्हाई म्हणून. तोवर राफ्ट कडक झालेला असतोय, वरची ताजी भिंत तापून थंड होताना आखडती आणि खालचा राफ्ट तिला धरून ठेवतोय. एप्रिलच्या दुपारी ओतलं असंल आणि शटरिंग दुसऱ्या दिवशी काढून बारदान पण लावलं नसंल तर क्रॅक येणारच, उभाच येणार, आणि किकरच्या वरनंच सुरू होणार. तुझ्या वर्णनावरनं मला तरी हेच दिसतंय.

बीम_कॉलम

उचगावकरांनी अगदी मुद्द्याचं सांगितलं, दोन्ही गोष्टी. त्यात थोडे आकडे घालतो. आतलं तापमान २५ डिग्रीनं उतरलं असं धर, काँक्रीटचं आकुंचन डिग्रीला १० मायक्रोस्ट्रेन (लांबीचे दशलक्षांश भाग), म्हणजे २५०. त्यातलं निम्मं राफ्टने अडवलं तर १२५. कोवळ्या काँक्रीटला ताणात १०० च्या आत बाहेरच फुटायला होतं, त्यामुळे क्रॅक ठरलेलाच. ८ मीटर भिंतीत १२५ मायक्रोस्ट्रेन म्हणजे १ मिमी. तुझे तीन क्रॅक मिळून ०.४५ मिमी, उरलेलं काँक्रीटच्या ताणात आणि कार्डाला न दिसणाऱ्या केसांएवढ्या तड्यांत गेलं असणार. ताळा बसतोय. या भिंतीतला क्रॅक आरपार आहे, हे फार महत्त्वाचं, कारण पाण्याच्या दाबाने भिंत वाकून जो क्रॅक येतो तो एका बाजूने उघडतो आणि दुसऱ्या बाजूला दाबातलं काँक्रीट त्याला बंद ठेवतं, तो पृष्ठभागावर ०.२ दिसला तरी पाणी पार जात नाही. तुझा तसा नाही.

सिलिंडर_टेस्ट

मी लॅबमध्ये क्रॅक पाडलेल्या नमुन्यांवर परमिएबिलिटीच मोजते, पीएचडी त्याच्यावरच सुरू आहे, त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही.

तुझा ११,३०० लिटर आणि प्रत्यक्षाचा फरक कुठून येतो ते सांगते. क्रॅक कार्ड बाहेरच्या पृष्ठभागाला लावतोस. आत सळीजवळ सळी काँक्रीटला धरून ठेवते म्हणून क्रॅक तिथे बारीक असतो. आणि पाणी बारीक जागेतूनच जायचंय. समजा भिंतीच्या जाडीपैकी निम्म्या वाटेला ०.२ आहे आणि निम्म्या वाटेला ०.१. सरासरी ०.१५ धरलीस तर चूक, कारण एकामागून एक असलेल्या जागांना अडथळ्याची सरासरी घ्यावी लागते, म्हणजे घनाच्या उलट्याची. ती घेतली की पूर्ण क्रॅक ०.१२१ मिमीचा असल्यासारखा वागतो आणि गळती सरळ २२ टक्क्यांवर येते. आडव्या अंगाने शेजारी शेजारी असलेल्या क्रॅकचं नेमकं उलटं आहे हं, तिथे रुंद क्रॅक सगळं खेचून नेतो. एक ०.१ आणि एक ०.३ असे दोन क्रॅक घे, आणि दुसरीकडे ०.२ चे दोन घे, सरासरी सारखीच, पण पहिल्या जोडीतून पावणेदोन पट पाणी जातं. म्हणून मॉडेलमधून सरासरी रुंदी काढून घन करणाऱ्यांचे पेपर मी जरा सावधपणे वाचते, त्यात कुठली सरासरी कुठे घेतली तेच बघते.

दुसरं म्हणजे क्रॅकच्या भिंती गुळगुळीत नसतात. खडीला वळसा घालून क्रॅक जातो, कुठे चिकटलेला, कुठे उघडा. यासाठी समांतर पाट्यांच्या उत्तराला एक गुणक लावतात, तो १ पेक्षा बराच कमी असतो. ०.१ च्या आसपास घेऊन सुरुवात करतात पण नमुन्यागणिक फार फिरतो, बारीक क्रॅकला आणखी खाली जातो. १९९७ मध्ये वांग, जान्सन, शाह आणि कार यांनी स्प्लिटिंगने (नमुना आडवा दाबून चिरत) हळूहळू क्रॅक उघडत परमिएबिलिटी मोजली होती, त्यात ५० मायक्रॉनच्या आत क्रॅकचा फारसा परिणाम दिसला नाही, ५० ते २०० मध्ये झपाट्याने वाढली. म्हणजे तुझे तिन्ही क्रॅक नेमके त्या झपाट्याच्या पट्ट्यात आहेत, मोजण्यातली ०.०२ मिमीची चूक सुद्धा तुला महागात पडेल. ०.१ च्या जागी ०.१२ वाचलंस की पाणी ७३ टक्के जास्त.

आणि तिसरं, जे तुझ्याच आकड्यांत समोर आहे. पहिल्या दिवशी १४ मिमी, सातव्या दिवशी ६. क्रॅक स्वतःच बुजतोय. क्रॅकच्या भिंतीतला चुना पाण्यात येतो, पाण्यातल्या कार्बोनेटशी मिळून कॅल्शियम कार्बोनेटचे खडे धरतात, बाहेर जे पांढरे ओघळ दिसतात तेच. कॅरोला एडवर्डसन यांचा १९९९ चा पेपर याच्यावरचा आहे, तो नक्की वाच, वाहतं पाणी मिळाल्यावर पहिल्या काही दिवसांत हे सगळ्यात जोरात होतं असं त्यात आहे. १४ चे ६ व्हायला क्रॅक किती बुजावा लागतो? घनमूळ काढ, फक्त पाव. म्हणजे मॉडेलमध्ये क्रॅकची रुंदी स्थिर ठेवून पहिल्या दिवसाशी ताळा लावशील तर सातव्या दिवशी दुपटीने चुकशील. थोडी घट काँक्रीट पाणी पिण्याचीही असेल, पण आठवडाभर भिजल्यावर ती फार उरत नाही.

युरोकोड २ (युरोपचा काँक्रीटचा कोड) च्या तिसऱ्या भागात हे बुजणं धरूनच मर्यादा दिल्यात. पाण्याची उंची भागिले भिंतीची जाडी ५ पर्यंत असेल तर आरपार क्रॅक ०.२ मिमी, ३५ च्या वर ०.०५, मधे सरळ रेषेत. तुझी ३ भागिले ०.२ म्हणजे १५, त्याला ०.१५ मिमी येते. आपल्याकडे ०.२ हा एकच आकडा डोक्यात बसलाय, पाणी ३ मीटर असो की ६. मला हे खटकतं.

डिप्लोमा_शिरोली

ताईंचे आकडे लावून बघितले, १७,५०० ला ०.२२२ ने गुणलं ३,८८५ आले, त्याला ०.१ चा गुणक लावला ३८८ लिटर. मोजलेले ३७०! जुळलं की एकदम. दादा प्रोजेक्ट झाला तुझा.

सिलिंडर_टेस्ट

नाही नाही, थांब. हे जुळलं म्हणून लिहून टाकू नका, मला खरंच काळजी वाटतेय. निम्मी वाट ०.१ ची, हे मी उदाहरण म्हणून घेतलं होतं, त्या भिंतीच्या आत कोणी बघितलेलं नाही. ०.१ चा गुणक पण सुरुवातीचा अंदाज. दोन मोकळे आकडे हातात असले की कुठलंही एक उत्तर जुळवता येतं, गुणक ०.०५ आणि आतली रुंदी थोडी जास्त घेतली तरी ३७० च येईल. शिवाय ३७० ही बुजत चाललेल्या आठवड्याची सरासरी आहे, आणि वर उचगावचे दादा म्हणाले तसं त्यात जॉइंटचं पाणी किती तेही माहीत नाही. बाटल्या लावून वेगवेगळे आकडे आणल्याशिवाय या जुळण्याला काही अर्थ नाही.

शाहूपुरी_पार्किंग

मधेच विचारतो, माफ करा. आमच्या बिल्डिंगचं पार्किंग बेसमेंटला आहे, २०१९ च्या पुरात बाहेर पाणी चढलं तेव्हा भिंतीतून आत झरे लागले होते, पूर उतरल्यावर सगळं कोरडं. तेच क्रॅक दर पावसाळ्यात असतात पण एरवी पाणी येत नाही, असं का?

बीम_कॉलम

कारण एरवी बाहेर दाबच नसतो. पुरात जमिनीतलं पाणी वर आलं की बेसमेंटच्या तळाशी २-३ मीटरचा दाब तयार होतो, क्रॅक तोच, ग्रेडियंट शून्यावरून १०-१५ वर. आणि तो दाब भिंतीला आत ढकलतो म्हणजे तुमच्या बाजूचे क्रॅक थोडे आणखी उघडतात, ते घनाने वाढतं. वर्षातून चार दिवस पाणी मिळणारा क्रॅक फारसा बुजतही नाही, बुजायला पाणी सतत लागतं. आतून नुसता गिलावा करू नका, पाणी त्याला मागून ढकलून काढेल. पाऊस संपल्यावर कोरड्या दिवसांत पॅकर (इंजेक्शनच्या छोट्या नळ्या) लावून पॉलियुरेथेन इंजेक्शन करून घ्या, आणि कॉलमला क्रॅक असतील तर आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवा, वेगळा धागा काढा म्हणजे फोटो बघून सांगता येईल.

एमटेक_कळंबा

सगळ्यांचे मनापासून आभार, मी परवा पहाटे साडेपाचला टाकीवर गेलो होतो, पन्हळी लावल्या, बाटल्या लावल्या, सोसायटीच्या वॉचमन काकांनी टॉर्च धरला. आकडे देतो.

०.२ चा क्रॅक मिनिटाला ६१ मिली, म्हणजे दिवसाला ८८ लिटर. ०.१५ चा मिनिटाला २१ मिली, ३० लिटर. ०.१ चा नुसता ओला, बाटलीत काहीच नाही, वर पांढरी रेघ पूर्ण भरून आलेली. त्या दिवशीची लेव्हलची घट ५ मिमी म्हणजे २०० लिटर. म्हणजे क्रॅकमधून ११८ आणि बाकीचे ८२ दुसरीकडून. खडूने गोल मारले तर किकरच्या जॉइंटवर कोपऱ्याजवळ सव्वा मीटरची ओल आणि टाय रॉडच्या दोन भोकांतून बारीक धार. उचगावचे दादा, तुम्ही म्हणालात तंतोतंत तसंच निघालं. राफ्ट आणि भिंत यांच्यात २६ दिवसांचं अंतर होतं, हे पण साइटच्या डायरीत मिळालं. ३८८ आणि ३७० चं जुळणं गेलं त्यामुळे, पण बरं झालं आत्ताच गेलं.

घन नियमाने ०.२ आणि ०.१५ चं प्रमाण २.४ यायला हवं, माझं २.९ आलंय.

मेशचं पण केलं. क्रॅक बँड बंद होतं, चालू केलं, मग रुंदीचा घन भागिले १२ गुणिले एलिमेंट लावलं, फक्त क्रॅकच्या दिशेने. १०० ला, ५० ला आणि २५ ला आता गळती एकमेकांच्या ७ टक्क्यांच्या आत येतेय. आधी चौपटीचा फरक होता. रात्री दीडला हे आकडे बघितले आणि झोपच आली नाही.

आता प्रश्न असा की ८८ भागिले ११,३०० म्हणजे ०.००८. हा आकडा खडबडीतपणाचा गुणक म्हणून रिपोर्टमध्ये देऊ का?

सिलिंडर_टेस्ट

त्या नावाने देऊ नकोस. त्यात तीन गोष्टी एकत्र आहेत, आतली कमी रुंदी, खडबडीतपणा आणि तीन आठवड्यांचं बुजणं. "या क्रॅकसाठी, इतक्या दिवसांनी, पृष्ठभागावरच्या रुंदीवर आधारित एकूण गुणक" असं पूर्ण लिही, आणि दुसऱ्या क्रॅकचाही काढ, तो ०.००६ च्या आसपास येईल. दोन्हीत फरक आहे आणि बारीक क्रॅकचा कमी आहे, हे तर तुझं खरं निरीक्षण आहे, २.९ चं कारणही तेच, बारीक क्रॅक लवकर बुजतो, ०.१ चा तर तुझ्या डोळ्यांदेखत बंदच झाला. वेगळं करायचं असेल तर सोसायटीला विचारून ०.२ च्या क्रॅकवर सळी चुकवून एक ५० मिमीचा कोअर (भिंतीतून कापून काढलेला गोल तुकडा) काढता आला तर बघ. कोअर चिरून मायक्रोस्कोपखाली आतली रुंदी मोजू, मी करून देईन. कोअर मिळाला नाही तर निदान दर दोन दिवसांनी बाटली लावत राहा, बुजण्याचा आलेख तरी मिळेल.

बीम_कॉलम

दोन बारीक गोष्टी राहिल्या. तू पाण्याची व्हिस्कॉसिटी (वाहायला होणारा विरोध) २० डिग्रीची १.० घेतलीस, उन्हाळ्यातलं टाकीतलं पाणी ३० ला असेल तर ती ०.८ होते, गळतीचं गणित तेवढ्यानेच सव्वापट वाढतं. थर्मामीटर टाकून बघ. दुसरं, पहाटे साडेपाचला मोजलंस ते छान, आता एकदा दुपारी ३ ला पण मोज. भराव नाही म्हणून त्या भिंतीवर ऊन येत असणार, तापली की क्रॅक थोडा मिटतो. पहाट आणि दुपार यांच्यातला फरक मॉडेलला तापमान देऊन पकडता आला तर गुणक न बदलता केलेला तो ताळा होईल, आणि तो मला ०.००८ पेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो.

सेंट्रिंग_उचगाव

कोअर काढणार असशील तर आधी सांग, सळी कुठं हाय ते बघायचं मशीन माझ्याकडं हाय, शनिवारी घेऊन येतो. आणि भोक बुजवायला नॉन श्रिंक ग्राउट लागंल, ते पण आणतो. टाय रॉडची दोन भोकं त्याच दिवशी भरून टाकू, लोकांना पाणी पायजे.

एमटेक_कळंबा

सेक्रेटरींशी बोललो, टाय रॉडची भोकं फुकट भरून मिळणार म्हटल्यावर कोअरला हो म्हणाले. शनिवारी सकाळी ८ ला टाकीवर. दुपारी ३ चं मोजमाप आज करून येतो, आकडे रात्री टाकतो.